कुहीकरांचा अंडरसेक्रेटरी

गोपीनाथ कुहीकर हे नाव घेतलं की भोपाळातल्या आमच्या वेळच्या बायका अजून तोंडाला पदर लावतात. त्यांना हसायला मीच शिकवलं. नकला करायची खोड मला लहानपणापासूनची, आणि कुहीकरांसारखा माणूस शेजारी असला की हात शिवशिवायचेच. उंच, वाकलेले, खांद्यावरून कोट असा लोंबायचा जसा खुंटीवर. बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरायचे आणि मग बोलायचेच नाहीत. मी त्यांना भाऊजी म्हणायची, ते मला सिंधूवहिनी.

छप्पन सालच्या नोव्हेंबरात आम्ही नागपूरहून भोपाळला आलो. राज्यं मोडून नवीन केली होती. नागपूर गेलं मुंबई राज्यात, आणि तिथल्या सचिवालयातली माणसं वाटली वाटणीतल्या भांड्यांसारखी. हे पातेलं तुमच्याकडे, ही परात त्यांच्याकडे. आमच्या ह्यांच्या नावापुढे भोपाळ लागलं, कुहीकरांच्या नावापुढेही भोपाळ. दोघं एकाच शाखेत कारकून. पण हे वाटप अजून तात्पुरतं होतं बरं का. पक्की यादी लागेपर्यंत ज्याला परत जायचंय त्यानं अर्ज करावा, असं सरकारनं म्हटलं होतं. मग काय, मराठी घरांत दुसरा विषयच नाही. नळावर तेच, हळदीकुंकवाला तेच. तुमच्या अर्जाचं काय झालं, आमच्या अर्जाचं काय झालं.

आमची क्वार्टर होती आजच्या तुलसीनगरला. तेव्हा नुसतं बारासे पचास म्हणायचे, तेवढी क्वार्टरं म्हणून. निम्मी अजून बांधून व्हायची होती. सगळा खडक, मधे मधे झुडपं, अंगणात विंचू. कुहीकर आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. एकटेच. वय पस्तीस, लग्न नाही.

"भाऊजी, मुलगी बघू का एखादी?" मी विचारायची.

"बघून काय करता वहिनी? पहिलं विचारतात, अलॉटमेंट कुठली. तात्पुरती म्हटलं की पत्रिका परत करतात."

"मग तात्पुरती बायको बघू."

घसा खाकरायचे आणि आत जायचे. खरं दुखणं वेगळं होतं. नागपुरात, महाल भागात, त्यांची आई होती. मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेली, आगगाडीत बसवणं शक्य नाही. एक लांबची भाची दोन वेळा जेवण आणून द्यायची, बाकी म्हातारी एकटी. कुहीकरांनी अर्जात तेच लिहिलं होतं. एकदा, दोनदा, तीनदा. प्रत्येक अर्जाची नक्कल आईला पाठवायचे. तिला वाचता येत नव्हतं, भाची वाचून दाखवायची.

तर सत्तावन्नच्या श्रावणातली गोष्ट. संध्याकाळी कुहीकर ऑफिसातून आले ते छत्री हातात आडवी धरून, एक एक पाऊल जपून टाकत. मी ओट्यावर वाल सोलत बसलेली.

"काय हो, छत्री झोपलीय का?"

जवळ आले तर छत्रीच्या दांड्याला एक हिरवा सरडा. आपल्या कुंपणावर मान हलवणारा साधा सरडा नव्हे. हा चपटा, पानासारखा, शेपटीची गुंडाळी केलेला, पायांचे चिमटे दांड्याला घट्ट. मी पाटीसकट उठले.

"झुडपं तोडताना सापडला," कुहीकर म्हणाले. "मजूर फावड्यानं मारायला निघाले होते. म्हणाले, गिरगिट दिसला की मारायचा. मी म्हटलं, मी नेतो."

"कशाला? शिजवणार की पुजणार?"

"ते अजून ठरवलं नाही," म्हणाले, आणि छत्री तशीच धरून आत गेले. दार पायानं लोटलं.

त्यांच्या अंगणात एक पेरूचं झाड होतं, पुरुषभर उंच. त्याच्यावर त्याला ठेवला. चार दिवसांनी नागपंचमी आली. मी वाटीभर दूध पाठवलं. निरोपही पाठवला, की नागाचा पुतण्या आहे तुमच्याकडे, सणाचं उपाशी ठेवू नका. मागच्या ओळीतल्या लीलावतीबाईंनी लाह्या पाठवल्या. सगळ्यांची करमणूक चालली होती. कुहीकर मात्र ते मनावर घेऊन बसले. झाडाच्या बेचक्यात वाटी बसवली. दूध पीत नाही म्हणून पाणी ठेवलं. दिवसातून तीनदा पाणी बदलायचे. सरडा वाटीवर पाय ठेवून उभा राहायचा आणि थेंब घ्यायचा नाही. आठवड्यात त्याचे डोळे खोल गेले, कातडीला सुरकुत्या पडल्या, बरगड्या मोजता येतील असा झाला.

"वहिनी, काय चुकतंय?"

"नैवेद्य दाखवताना डोळे मिटता का? देव लोकांसमोर खात नाहीत."

माझं हे असं. त्यांचा चेहरा बघायला हवा होता मी, पण मला माझ्याच वाक्याचं हसू येत होतं.

शेवटी खडी फोडायला येणाऱ्या एका मजुरणीनं सांगितलं. कुंपणावरून डोकावून म्हणाली, "बाबूजी, जे कटोरी से नई पीत. पत्तन पे छींटा मारो."

तेवढंच होतं. तो ठेवलेलं पाणी पीतच नाही. त्याला ते पाणी आहे हे कळतच नाही म्हणे. पानावरून थेंब घसरताना दिसला तरच पितो. कुहीकरांनी तांब्या घेतला, बोटांनी पानांवर पाणी शिंपडलं. सरड्यानं एक डोळा फिरवला, मग दुसरा. मग तोंड पुढे करून पानाच्या टोकाचा थेंब घेतला. मग दुसरा, तिसरा. कुहीकर तिथंच मटकन बसले, ओल्या मातीत, ऑफिसच्या धोतरावर.

तेव्हापासून रोजचा नेम. सकाळी नळाला पाणी आलं की आंघोळ, आंघोळ झाली की तांब्या घेऊन पेरूपाशी. पंधरा मिनिटं, कधी वीस. जोरात शिंपडलं तर तो तोंड फिरवायचा, म्हणून सावकाश, देवघरात शिंपडतात तसं. खाण्याचा प्रश्नही सुटला. नागपूरच्या कचेरीतल्या जुन्या फायली पेट्यांतून भोपाळला आल्या होत्या, आणि फायलींबरोबर झुरळं. कुहीकर रेकॉर्डरूममधून पानाच्या डबीत चार-सहा झुरळं भरून आणायचे. झुरळ फांदीवर सोडलं की हा ढिम्म. मग एकदम टप्. जीभ केवढी लांब, बाहेर आली कधी आणि आत गेली कधी.

"माहेरचं खाणं मिळतंय हो त्याला," मी म्हणायची. "नागपुरी झुरळं! आम्हाला नाही मिळत तिकडची संत्री."

नाव मी ठेवलं. एक दिवस कुंपणाशी उभी राहून नीट बघितलं. एक डोळा माझ्यावर, एक स्वयंपाकघरावर. पाय उचलला, पुढे नेला, मागे घेतला, पुढे, मागे, असं दहा वेळा, आणि शेवटी होता तिथंच ठेवला.

"भाऊजी, हा तर अंडरसेक्रेटरी! तुमचा अर्ज असाच चाललाय ना?"

कुहीकर हसले. मी त्यांना पहिल्यांदा आवाज करून हसताना ऐकलं. मग इकडेतिकडे बघून म्हणाले, "हळू, वहिनी. शाखेत एक खरे आहेत. त्यांच्या कानावर गेलं तर मी इथंच म्हातारा होईन."

पण नाव चिकटलं. रोज सकाळी कुंपणावरून विचारायचं, "काय, आज अंडरसेक्रेटरींचा मूड?"

"काळे आहेत. ऊन लागलं की निवळतील."

खरंच तसं व्हायचं. थंडीत सकाळी तो कोळशासारखा काळा असायचा, अंग चपटं करून उन्हाकडे वळवायचा, नऊपर्यंत हिरवा. डिसेंबरात गारठा वाढला तसं कुहीकर त्याला खोक्यात घालून घरात घ्यायला लागले. आईनं विणलेला मफलर खोक्यावर. आईला पत्रात हे सगळं लिहायचे. तिचा निरोप यायचा, मुक्या जीवाला पाणी वेळेवर दे.

आता मुद्द्याचं सांगते. आमच्या ह्यांचाही अर्ज होता. माझं माहेर नागपूरचं, मला भोपाळात करमत नव्हतं, मीच मागे लागून करवला होता. आणि अठ्ठावन्नच्या जानेवारीत बातमी आली की जबलपूरकडचा एक कारकून नागपुरात अडकलाय, त्याला भोपाळला यायचंय. म्हणजे आपसात बदली होऊ शकते. एक जागा. शाखेतून एक नाव पाठवायचं होतं. आमचे हे आणि कुहीकर, दोघंच हक्काचे. शिफारस करणार दुबेसाहेब, शाखेचे अंडरसेक्रेटरी. आणि दुबेसाहेबांनी ह्यांना सरळ सांगितलं होतं, "विश्वासराव, कुहीकर की माँ बिस्तर पर है. पहले उसका नाम जाएगा. आप अगली बार."

ह्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, बरोबरच आहे. आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

दुबेसाहेब बारा वर्षं नागपुरात काढलेले, मराठी समजायचं, आणि तिळाच्या पोळीसाठी जीव टाकायचे. संक्रांतीला हाताखालच्या मराठी माणसांच्या घरी तिळगूळ खायला जायचं हा त्यांचा नागपूरपासूनचा रिवाज. त्या वर्षी आमच्याकडे आले. बाहेर ऊन छान होतं, म्हणून व्हरांड्यात खुर्च्या टाकल्या. मी पोळ्या वाढत होते, साहेब तिसऱ्या पोळीवर होते, हे चहाच्या बशीत बघत बसलेले. सगळं कसं छान चाललेलं. आणि कुंपणापलीकडे कुहीकर तांब्या घेऊन आले. सणाची सुट्टी, म्हणून त्या दिवशी उशीर झालेला. पेरूपाशी उभे राहून हलकं हलकं शिंपडायला लागले. आमच्याकडे पाठ.

"ये पेड़ को क्या कर रहे हैं?" साहेबांनी विचारलं.

आता मी काय सांगायला हवं होतं? पाणी घालतायत, एवढंच. पण माझ्या जिभेला कधी धीर आहे? साहेब हसरे, पोळी जमलेली, चार माणसांत टाळी घ्यायची सवय. म्हटलं, "पेड़ को नहीं साहब, अंडरसेक्रेटरी को पानी पिला रहे हैं."

साहेबांचा घास थांबला.

"किसको?"

आमच्या ह्यांनी बशी खाली ठेवली. मी हसण्यावारी न्यायला बघितलं. "गिरगिट है साहब. पाला है. नाम रखा है, ऐसे ही, मज़ाक में."

"नाम किसने रखा?"

साहेब माझ्याकडे बघत होते. पलीकडे तांब्यातलं पाणी पानांवर पडल्याचा आवाज येत होता.

"उन्होंने," मी म्हटलं. "कुहीकरजी ने."

सुटले, असं वाटलं. एवढंच वाटलं पहिल्या क्षणी. दुसऱ्या क्षणी आठवलं की जागा एकच आहे. ते आठवल्यावरही मी तोंड उघडलं नाही, हे मी आज सांगते. तोवर उघडं टाकलेलं तोंड नेमकं तेव्हा मिटलं. साहेबांनी चौथी पोळी मागितली. तूप जास्त घाला म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी कुहीकरांना बोलावलं. आमचे हे तिथंच होते, त्यांनीच मला सांगितलं. साहेब म्हणाले, "सुना है आपने हमें पेड़ पर बिठा रखा है."

कुहीकरांनी घसा खाकरला. आमच्या ह्यांच्याकडे एकदा बघितलं.

"नाम आपने रखा?"

"जी," कुहीकर म्हणाले.

"आणि तुम्ही?" मी ह्यांना विचारलं. "तुम्ही काही बोलला नाहीत?"

"काय बोलू? माझ्या बायकोनं ठेवलं, असं?"

फेब्रुवारीत हुकूम आला. नागपूरला आमचे हे. भोपाळ, पक्कं, गोपीनाथ कुहीकर.

त्या संध्याकाळी ते पेढे घेऊन आले. हो, तेच पेढे घेऊन आले. ह्यांचा हात हातात घेतला, "छान झालं" म्हणाले. मी आतून पाणी आणलं तर माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, आता तुमच्या नकला नागपूरकरांना." कुठं टोमणा नाही, काही नाही. एक शब्द टाकून बोलले असते तर मी भांडले असते. भांडण मला जमतं.

मला सांगायचं होतं. रोज ठरवायची, सामान बांधता बांधता. हा डबा भरला की जाते, ही गादी बांधली की जाते. कुंपणापाशी गेले की तोंडातून निघायचं, "काय, आज मूड कसा?" आणि ते म्हणायचे, "हिरवे आहेत."

स्टेशनवर पोचवायला आले. आईसाठी एक पुडकं दिलं. लोकरीचे पायमोजे, औषधाची बाटली. "तुम्ही महालात जालच," म्हणाले. "जमलं तर आठवड्यातून एकदा डोकावत जा. भाचीला लेकरं आहेत, तिचं होत नाही."

मी आठवड्यातून तीनदा जायची. म्हातारी हाडांचा सापळा, पण डोळे लख्ख. गेले की विचारायची, "गोपीचा अर्ज कुठपर्यंत आला?" मी म्हणायची, "चाललाय, आई. वर गेलाय." मग विचारायची, "आणि तो त्याचा प्राणी? पाणी पितो का?" मी तिला नक्कल करून दाखवायची. पाय पुढे, पाय मागे. ती हसायची, खोकायची, पुन्हा कर म्हणायची. नाव मात्र मी तिला कधी सांगितलं नाही.

वैशाखात तिचं जास्त झालं. तार केली. कुहीकरांना रजा मिळायला एक दिवस लागला. शिफारशीची सही कोणाची ते मी सांगायला नको. गाडीला एक रात्र. दुपारी म्हातारीनं ओठ हलवले. घोट जात नव्हता, वाटी लावली तर पाणी गालावरून उशीवर. मी तुळशीचं पान बुडवून ओठावर धरलं. एक थेंब. मग दुसरा. थांबत थांबत, सावकाश. भाची दारात उभी राहून रडत होती. तिसरा थेंब आत गेला, चौथा बाहेरच राहिला.

कुहीकर दुसऱ्या दिवशी सकाळी आले. सगळं उरकलं होतं. वैशाखातलं ऊन, थांबता येण्यासारखं नव्हतं. अग्नी भाचीच्या नवऱ्यानं दिला. कोट अंगात तसाच, ओसरीवर बसले. मग विचारलं, "पाणी कोणी घातलं?"

"मी," म्हटलं.

त्यांनी मान हलवली. "बरं झालं," म्हणाले. "तुम्हाला ठाऊक होतं कसं घालायचं ते."

तेव्हाही मी बोलले नाही. भरल्या घरात, सुतकात काय बोलायचं, अशी सबब मिळाली मला. मला सबबी नेहमी वेळेवर मिळतात.

दिवस करून ते परत भोपाळला गेले. पंधरा दिवसांनी पोस्टकार्ड आलं. माझ्या नावानं. ह्यांच्या नावानं नाही, माझ्या. अक्षर तेच, कचेरीतल्या मसुद्यासारखं, समास सोडून.

सौ. सिंधूवहिनींस स. न. वि. वि. मी सुखरूप पोचलो. जाताना झाड शेजारच्या दत्तू रेग्यांवर सोपवून गेलो होतो. पानांवर पाणी शिंपडा, असं दोनदा सांगितलं होतं. त्यांना ते हास्यास्पद वाटलं असावं. त्यांनी बेचक्यात वाटी बसवून ठेवली आणि रोज भरली. मी आलो तेव्हा वाटी काठोकाठ भरलेली होती आणि तो वाटीच्या कडेला धरून होता. दोन दिवस झाले असावेत. काळा नव्हता, हिरवाही नव्हता. पेरूखालीच पुरला.

आणि खाली, सहीच्या आधी, एक ओळ.

नाव आपण ठेवलेलं, म्हणून आपल्याला कळवलं.